उखर्डूचा डावा हात

चार दिवसांचा पाहुणासुद्धा निघताना उंबऱ्याशी थांबतो, 'येतो बरं का' म्हणतो. दारी भाकरी खाल्लेलं कुत्रं गल्लीच्या टोकाशी एकदा मागं वळून पाहतं. आणि हा उखर्डू! तीस वर्षं एका टालीवर लाकूड फोडलं, तीस वर्षं एका चुलीवरची भाकर खाल्ली, आणि गेला तर कसा? कुऱ्हाड ठोकळ्यावर आडवी ठेवून, फाटकाची कडीही न वाजवता. रंभाबाईला हे इतकं झोंबलं होतं की दोन महिने जो भेटेल त्याच्यापाशी ती तेच दळण दळत होती. दूधवाल्याला सांगून झालं, केळीच्या गाडीवाल्याला सांगून झालं, सून मंगलेला तर दिवसातून तीनदा.

"मेला वाईट नव्हता गं," ती म्हणायची. "वाईट असता तर मी नावसुद्धा घेतलं नसतं. पण माणसाला काही रीत असते की नाही? एवढं तोंड जड झालं त्याला?"

मंगला कणीक मळता मळता मान हलवायची. सासूचा राग रीतीवर नव्हता हे तिला कळत होतं. पण सासूला ते सांगायचं कोणी?

लालबागच्या रस्त्याला रंभाबाईची लाकडाची टाल होती. जैनाबादच्या बाजूनं तापी उतरून बैलगाड्या यायच्या. त्यातून अंजन, धावडा, बाभूळ, सालई असे ओंडके टालीत पडायचे, आणि बऱ्हाणपुरातले हलवाई, रंगारी, खानावळवाले ते फोडलेलं जळण घेऊन जायचे. नवरा अचानक गेला तेव्हा रंभाबाई चोवीस वर्षांची होती आणि लीलाधर नुकता चालायला लागला होता. तेराव्याला दीर म्हणाले, टाल विकून टाका, बाईमाणसाचं काम नव्हे हे. रंभाबाईनं तिथल्या तिथं पदर खोचला आणि दिरांच्या देखत एका ओंडक्यावर कुऱ्हाड घातली. कुऱ्हाड जी अडकून बसली ती काही केल्या निघेना. दीर हसले. उखर्डू तेव्हा नवा होता, तिच्या नवऱ्यानंच शेवटच्या वर्षी ठेवलेला. तो पुढं झाला, कुऱ्हाडीच्या माथ्यावर घणाचा एक ठोका घातला, आणि ओंडका दोन अंगांना पडला.

"वहिनींनी फोडला," तो दिरांना म्हणाला. "मी नुसती कुऱ्हाड सोडवली."

त्या दिवसापासून टाल रंभाबाईची झाली.

उखर्डूची फोडायची एक तऱ्हा होती. ओंडका ठोकळ्यावर उभा केला की कुऱ्हाड उचलण्याआधी तो आपला डावा तळवा त्याच्या माथ्यावर ठेवायचा, लेकराच्या कपाळावर ताप पाहायला ठेवावा तसा. लाकडाची रेष कुठून कुठं गेली, गाठ कुठं दडली, चीर आधीच कुठं पडली, हे त्या तळव्याला कळायचं. मग हात काढायचा, अर्धं पाऊल मागं व्हायचं आणि घाव घालायचा. दुसरा घाव क्वचित लागायचा. अंजनाचं लाकूड म्हणजे लोखंडाचा भाऊ, त्यालाही तो दोन पाचरींत उघडायचा. बाजारातले जिलेबीवाले त्याची फाटी पाहून ओळखायचे. सरळ, एकजाडीची, धूर न करता एका लयीत जळणारी. "उखर्डूच्या हातची द्या," असं मागून न्यायचे.

चार वर्षांमागे पौषातल्या एका सकाळी टालीत गाडी रिकामी होत होती. उखर्डू तिच्यापाशी उभा होता. रंभाबाई हातात बादली घेऊन चालली होती, तेवढ्यात त्यानं विचारलं, "वहिनी, ही गाडी धावड्याची का अंजनाची?"

रंभाबाई थबकली. धावड्याची साल पांढुरकी आणि गुळगुळीत, अंजनाची काळपट आणि खरबरीत. दहा हातांवरून परक्या गावचा माणूस सांगेल. आणि हा, ज्यानं दोन्ही लाकडं जन्मभर फोडली, तो विचारतोय. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याचं तोंड गाडीकडे होतं, पण नजर गाडीच्या वर कुठंतरी हवेत टांगलेली होती.

"धावडा," ती म्हणाली.

तो वळला, डोक्याचं फडकं खुंटीला लावायला गेला, आणि खुंटीच्या वीतभर बाजूला लावलं. फडकं खाली पडलं. त्यानं वाकून ते हातानं चाचपत उचललं आणि या खेपेला आधी खुंटी चाचपली. मग इकडं तिकडं मान फिरवली, कोणी पाहिलं तर नाही ना अशी. रंभाबाई चार हातांवर उभी होती.

ती बादली घेऊन पुढं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिनं आपला पाट आणि पानाचा डबा ओट्यावरून उचलला आणि थेट ठोकळ्याशेजारी आणून मांडला. बसली, आणि तिच्या तोंडाचा पट्टा जो सुटला तो चार वर्षं थांबला नाही.

"अरे मेल्या, उजवीकडे सरक! चीर तिकडं पडलीय आणि हा इकडं लाड करत बसलाय!"

"गाठीवर घाव घालतोस? आईनं उकिरड्यावर टाकून उचलला म्हणे तुला जगावा म्हणून. तिथंच राहू द्यायला हवं होतं!"

"पाय मागं घे. मागं! का तोडून कडेवर घेऊन जायचाय घरी?"

उखर्डू ऐकायचा, तळवा लाकडावर ठेवूनच. वहिनीचं बोलणं संपलं की हात काढायचा, बोलण्यातून जे कळलं तेवढं सरकायचं आणि घाव घालायचा. घाव बरोबर पडायचा. पडला की रंभाबाई पानाची पिंक टाकायची आणि पुढच्या ओंडक्यावर शिव्यांचं नवं गाठोडं सोडायची.

टालीवर येणारे हसायचे. म्हातारी गड्याला सुखानं जगू देत नाही, म्हणायचे. लीलाधरला लाज वाटायची. तो लहानाचा मोठा उखर्डूच्या खांद्यावर झाला होता, त्याला काका म्हणत होता. तो आईला म्हणायचा, "माय, इतके दिवस ओट्यावर बसून गप होतीस ना? आताच काय घुसलं अंगात?"

"मालकीण आहे मी. बोलेन."

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही. रंभाबाईच्या शिव्यांतून एक शिवी गळून पडली होती. पूर्वी 'आंधळ्या' हा शब्द तिच्या जिभेवरच बसलेला असे. गाडीवाल्याला आंधळ्या, बैलाला आंधळ्या, वाळवणावर बसणाऱ्या कावळ्यालाही आंधळ्या. पौषातल्या त्या सकाळनंतर तो शब्द तिनं कुणालाच दिला नाही.

आणि त्या दोघांत या गोष्टीचं बोलणं एकदाही झालं नाही. बोललं की ते खरं होणार. मग उखर्डू आंधळा ठरणार, आणि कुऱ्हाड आंधळ्याच्या हातात कोण देतं? रंभाबाईच्या मनात हिशोब सोपा होता. जोवर आपलं तोंड चालतंय तोवर त्याची कुऱ्हाड चालेल. आपल्याला काय, बोलायला काही दुखत नाही.

मग यंत्र आलं.

नवा मध्य प्रदेश होऊन दुसरं वर्ष चाललं होतं. नागपूरकडे पाहायची सवय लागलेलं गाव आता भोपाळकडे पाहायला शिकत होतं. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, अर्ज हिंदीत झाले, आणि लीलाधर घरातही अर्धं हिंदी बोलायला लागला. त्याला एका सरकारी वसतिगृहाला फोडलेलं जळण पुरवायचं काम मिळालं. महिन्याच्या महिन्याला इतक्या गाड्या, वेळेवर. एका उखर्डूच्या हातून ते होणार नव्हतं, आणि दुसरा फोडणारा ठेवला तर काकाला वाईट वाटेल म्हणून लीलाधर ठेवत नव्हता.

त्याच सुमाराला कापसाचा एक बंद पडलेला प्रेस मोडीत निघाला. सुपडू मिस्तरीनं त्या भंगारातून एक दट्ट्या हेरला. कापसाच्या गाठी दाबायचा, तेलाच्या दाबावर पुढं सरकणारा. तो त्यानं लोखंडी घोडीवर आडवा बसवला, समोर पोलादाची पाचर उभी ठोकली आणि मागं डिझेलचं इंजिन जोडलं. ओंडका मधे ठेवायचा, दांडी ओढायची. दट्ट्या ओंडक्याला ढकलत पाचरीवर नेतो आणि ओंडका उभा चिरतो. गाठ असो, पीळ असो, त्याला सगळं सारखं.

"माय, देखना तू," लीलाधर म्हणाला. "काकाचे दहा दिवस ते एका दिवसात. आणि काकाच्या खांद्याला आराम. बसून काम. ओंडका ठेवायचा, बस."

"आणि माझ्या तोंडाला?"

"तुझ्या तोंडापासून पण सुटका होईल बिचाऱ्याची."

खरं सांगायचं तर त्यानं यंत्र आणलं त्यात हेही होतं. आईच्या शिव्यांतून म्हाताऱ्याला सोडवायचं. पोराच्या मनात पाप नव्हतं.

माघातल्या एका सकाळी यंत्राला कुंकू लावलं, नारळ फोडला. आठ-दहा माणसं जमली होती. गाडीवाले, बाजारातला एक हलवाई, सुपडू मिस्तरीचे दोन दोस्त. लीलाधरनं उखर्डूला हात धरून आणलं आणि पाचरीजवळच्या स्टुलावर बसवायला लागला.

"उखर्डूला राहू दे," रंभाबाई म्हणाली. "दुसऱ्या कोणाला बसव."

"का? आपल्या टालीतलं पहिलं लाकूड दुसऱ्याच्या हातचं? माय, काहीतरीच तुझं."

"राहू दे म्हणते ना."

"पण कारण तर सांगशील?"

सगळे तिच्याकडे पाहायला लागले. रंभाबाईनं उखर्डूकडे पाहिलं. त्याचं तोंड तिच्या बाजूला होतं. ओठ घट्ट मिटलेले, आणि मान अगदी बारीक, नाही म्हणावं तशी हलत होती. तो काय मागत होता हे तिला लख्ख कळलं. दोन शब्दांचं काम होतं. दिसत नाही. बस, एवढंच. पण त्या दोन शब्दांनी तीस वर्षांचा गडी त्या आठ-दहा माणसांत भिकारी होऊन बसला असता. आणि चार वर्षं आपणच हे झाकून ठेवलं, हेही उघड झालं असतं. रंभाबाईच्या जिभेनं आयुष्यात पहिल्यांदा माघार घेतली, आणि घेतली ती तिच्याच जुन्या वाटेनं.

"जुना बैल आहे तो," ती म्हणाली. "त्याला नवं जू मानवायचं नाही, म्हणून म्हटलं."

माणसं हसली. उखर्डूही हसला, सुटल्यासारखा. चाचपत स्टुलावर बसला. रंभाबाईनं आपला पाट उचलून शेजारी मांडला. आपण आहोतच की इथं, तिनं स्वतःला सांगितलं.

सुपडूनं इंजिन चालू केलं.

तिच्या स्वतःच्या टालीत तिचा आवाज तिला ऐकू येईना, असं आजवर कधी झालं नव्हतं. धडधड जमिनीतून पाटात आणि पाटातून हाडात चढत होती. तिनं ओरडून पाहिलं. उखर्डूची मान वळली, पण शब्द पोचला नव्हता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पहिले चार ओंडके सालईचे होते, मऊ. पाचरीवर टेकले आणि उघडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हात न लावताच ओंडके फुटताहेत हे पाहून रंभाबाईचाही जीव थोडा खाली बसला.

पाचवा अंजनाचा होता. आखूड, वाकडा. उखर्डूनं तो मधे ठेवला तर कलंडला, पुन्हा नीट केला. मग लाकूड हाताला ओळखीचं लागलं असेल, की सवयच उसळून आली असेल, देव जाणे. त्यानं आपला डावा तळवा ओंडक्याच्या माथ्यावर ठेवला, पाचरीकडच्या बाजूनं, रेष पाहायला. आणि मान रंभाबाईकडे वळवली.

चार वर्षं असंच चालत आलं होतं. तळवा ठेवायचा, वहिनीचं बोलणं ऐकायचं, मग हात काढायचा. तो तिच्या बोलण्याची वाट पाहत होता.

लीलाधर इंजिनाच्या पलीकडे दांडी धरून उभा होता. त्याला ओंडका ठेवलेला दिसला. उखर्डूची पाठ दिसली. आई पाटावरून उठून हातवारे करत तोंड उघडून ओरडतेय, हेही दिसलं. त्यानं मनात म्हटलं, झाली सुरू. आणि दांडी ओढली.

कुऱ्हाड हातासाठी थांबते. धरणाऱ्याच्याच खांद्याला लागलेली असते ना ती. दट्ट्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

सरकारी दवाखान्यात डाव्या हाताची चार बोटं आणि अर्धा तळवा काढून टाकावा लागला. डॉक्टर तरुण होता, इंदूरकडचा. त्यानं उखर्डूच्या डोळ्यांपुढे बॅटरी धरली, फिरवली, आणि लीलाधरला हिंदीत विचारलं की या माणसाला दिसत नाही, याला मशीनवर बसवलं कोणी?

लीलाधरचं तोंड पांढरं पडलं. तो आईकडे वळला. "तुला ठाऊक होतं?"

"मला सगळं ठाऊक असतं," रंभाबाई म्हणाली. मान ताठ ठेवून म्हणाली. दवाखान्याच्या त्या ओसरीत ती दुसरं काय म्हणू शकत होती?

लीलाधर तिच्याशी आठ दिवस बोलला नाही. यंत्रावर त्यानं तरट टाकलं. पण वसतिगृहाचं जळण थांबत नाही. पंधरा दिवसांनी तरट निघालं आणि तो स्वतः स्टुलावर बसायला लागला. त्याला कोणी दोष दिला नाही, रंभाबाईनं तर नाहीच. दिवसाला दोन-दोन गाड्या फुटत होत्या. फाटी फिसकटलेली, कुसं निघालेली, एक जाड तर एक बारीक, पण फुटत होत्या. जिलेबीवाल्यानं दोनदा कुरकुर केली आणि तिसऱ्यांदा निमूट घेऊन गेला.

उखर्डू दवाखान्यातून परत आला आणि टालीच्या मागच्या कुडाशी आपल्या जागी बसून राहिला. मंगला ताट नेऊन द्यायची. तो उजव्या हातानं चाचपत जेवायचा. आणि रंभाबाईनं आपला पाट उचलून परत ओट्यावर नेला होता. त्याच्यासमोरून ती जायची, यायची, आणि तोंडातून शब्द निघत नसे. काय बोलणार? शिवी द्यावी तर घशात अडकायची. गोड बोलणं तिला येत नव्हतं, आणि आता बोलली असती तर ते त्याच्या बोटांचं मोल केल्यासारखं झालं असतं. एकदा ती पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यापुढं उभी राहिली. त्यानं मान वर केली, वाट पाहिली. तिनं तांब्या खाली ठेवला आणि निघून गेली.

असे चाळीस दिवस गेले. एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी ठोकळ्यावर कुऱ्हाड आडवी होती आणि कुडाजवळची जागा रिकामी.

तो इच्छापूरला लेकीकडे, कोकिळाकडे राहतो, हे त्याला पहाटे तिकडं सोडून आलेल्या एका गाडीवाल्यानं आठवड्याभरात सांगितलं. लीलाधर दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा उखर्डूनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, चहा पाजला, आणि परत पाठवला. दुसऱ्या खेपेनंतर मंगला सासूसमोर पाटा धूत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "माय, तुमचं त्याच्याशी भांडण आहे ना? मग दूधवाल्याशी कशाला भांडता? जाऊन त्याच्याशीच भांडा की."

"तू मला शिकवू नकोस."

"नाही शिकवत. इच्छापूरवरून जाणारी एदलाबादची मोटर आठला सुटते, एवढं सांगते."

ज्येष्ठाचं ऊन होतं. रंभाबाई मोटारीत खिडकीशी बसली. मांडीवर धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली कुऱ्हाड. धामणाचा दांडा, उखर्डूनं स्वतः तासलेला, मधे तळव्यांनी झिजून काळा झालेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा पाणी पीत होत्या. वाटभर ती मनात भांडण रचत होती. आधी हे विचारीन, मग ते विचारीन. इच्छापूर आलं. टेकडीवरचं देवीचं देऊळ दिसलं. तिनं मोटारीतूनच हात जोडले. आधी भांडण, मग तू, तिनं देवीला सांगितलं.

कोकिळाचं घर गावाच्या कडेला होतं. उखर्डू भिंतीच्या सावलीत बसला होता, तोंड रस्त्याकडे. डावा हात कोपरापर्यंत पंच्यात गुंडाळलेला. रंभाबाई दहा पावलांवर आली तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या डाव्या चपलेचा पट्टा सुटलाय."

ती जागीच थांबली. वाटभर रचलेलं भांडण कुठल्या कुठं गेलं, आणि जे पहिलं हाताला लागलं तेच तिनं फेकलं.

"सांगून यायला तोंड नव्हतं तुला?"

कोकिळा बाहेर आली, घाबरून घोंगडी अंथरली, "काकी, बसा ना," म्हणाली, आणि बापाकडे पाहून चहा टाकायला आत गेली.

उखर्डूनं पंच्याची गाठ चाचपली. मग म्हणाला, "सांगणार कोणाला? तुम्ही बोलायच्या बंद झाल्या होत्या. चाळीस दिवस मोजले मी. रोज पाऊल ऐकू यायचं. यायचं, थांबायचं, जायचं. म्हटलं, आता वहिनींना आपल्याला दाखवण्यासारखं काही राहिलं नाही. मग कशाला बसून राहायचं तिथं?"

रंभाबाई खाली बसली.

"तुला कधी कळलं?" तिनं विचारलं. "मला ठाऊक आहे ते?"

"तुम्ही 'आंधळ्या' म्हणायचं सोडलंत ना, त्याच दिवशी." तो हसला. "कावळ्यालासुद्धा म्हणेनात. मी म्हटलं, गेलं. कळलं यांना. खंडव्याच्या शिबिरात गुपचूप दाखवून आलो होतो मी तेव्हा. काचबिंदू आहे म्हणाले, गेलेली नजर येत नाही. पण तुम्ही पाट आणून मांडला आणि मला वाटलं, चार-पाच वर्षं निघतील. निघाली की."

"मग मशीनवर का बसलास रे? उठून जायचं होतं. मला जमत नाही म्हणायचं होतं."

उखर्डूनं तोंड तिच्याकडे केलं. त्याची नजर तिच्या कानावरून पलीकडे गेली.

"तुम्ही शेजारी पाट मांडला होता ना," तो म्हणाला.

 ती उठली. घराच्या बाजूला बाभळीचे ओंडके पडले होते, न फोडलेले. जावई दिवसभर केळीच्या बागेत, फोडणार कोण? तिनं त्यातला एक ओढत आणून उभा केला. फडकं सोडून कुऱ्हाड काढली.

"काय करताय वहिनी?"

"दिसत नाही का?"

शब्द तोंडातून निघून गेला. मग उखर्डूच्या खांद्यांना हादरे बसायला लागले. तो हसत होता. हसता हसता सरकत आला, आणि ओंडक्याच्या माथ्यावर उजवा तळवा ठेवला. तो हात या कामाला शिकलेला नव्हता. बराच वेळ फिरत राहिला.

"रेष अशी आहे. माझ्याकडून दाराकडे. मधे डाव्या अंगाला गाठ आहे, ती टाळा. उभं राहा नीट. पाय मागं घ्या वहिनी, का तोडून द्यायचाय लीलाधरला?"

"हात काढ आधी."

"काढला."

तरी तिनं वाकून डोळ्यांनी पाहिलं, काढला आहे का. मग कुऱ्हाड उचलली. पन्नाशी उलटलेले खांदे, ज्येष्ठाचं ऊन. घाव बसला, आणि कुऱ्हाड अर्ध्या पात्यापर्यंत शिरून अडकली. अगदी तेराव्याच्या दिवशी अडकली होती तशी. तिनं ओढली, हलवली, पाय देऊन खेचली. उखर्डू आवाजावरून सगळं समजत होता. त्याचा उजवा हात शेजारची जमीन चाचपायला लागला, घण शोधावा तसा, आणि डाव्या पंच्यातलं उरलेलं काहीतरी त्याबरोबर हललं. मग दोन्ही थांबले.

"राहू द्या," तो म्हणाला. "संध्याकाळी जावई काढील."

साधी बाभूळ होती. अंजन असतं तर एकवेळ माणूस म्हणाला असता, जाऊ द्या, अंजन आहे.

कोकिळानं चहा आणला. दोघांनी तो प्यायला. ओंडका मधे उभा होता, डोक्यात कुऱ्हाड घेऊन.

"चल टालीवर," कपात पाहत रंभाबाई म्हणाली. "ओट्यावर बस. काही करू नकोस. फुकटचं खा."

"तिथं इंजिन आहे वहिनी. तिथं मला खरंच काही दिसायचं नाही. इथं बरं आहे. पाऊल ऐकू येतं."

हे त्यानं तक्रारीनं म्हटलं नाही, म्हणूनच ते तिला पुरतं कळलं. तीस वर्षांत तिनं या माणसाकडून नेहमी होच ऐकलं होतं. त्याचा नकार कसा असतो हे ती आज पहिल्यांदा पाहत होती.

परतीची मोटर मारुतीच्या पाराजवळ येऊन उभी राहिली, हॉर्न वाजला. रंभाबाई उठली. पदर सारखा केला. चपलेचा पट्टा ओढून बांधला. कुऱ्हाडीला हात लावला नाही. दोन पावलं गेली, आणि परत येऊन उखर्डूसमोर उभी राहिली. कोकिळा दारात होती, शेजारची एक बाई कुडावरून पाहत होती. रंभाबाईनं आवाज खाली घेतला नाही. इंजिनावर मात करायला काढला होता तेवढाच आवाज काढला.

"ऐक उखर्डू. हात गेला त्यात तुझी चूक नव्हती, लीलाधरचीही नव्हती. ती माझी. मला ठाऊक होतं, आणि मी चार माणसांत तुला बैल म्हणून मोकळी झाले. देवीपुढं मी हे सांगणार नाही, तिचा याच्याशी संबंध नाही, तुझ्यापुढं सांगतेय. पण सांगून गेला नाहीस, ती चूक तुझी, आंधळ्या, आणि ती मी मरेपर्यंत तुला माफ करणार नाही."